विश्लेषण : बाजारात येण्याआधीच ‘भारी’ ठरलेलं स्मार्टवॉच, ‘फर्स्ट इम्प्रेशन’वर किती विश्वास ठेवायचा?

नवं स्मार्टवॉच जाहीर झालं की तासाभरात त्याचे ‘फर्स्ट लूक’ व्हिडिओ मोबाइलवर येऊन धडकतात. स्क्रीन जबरदस्त, पट्टा मऊ, बॅटरी दहा दिवस, शिवाय हृदय, झोप आणि रक्तदाब या सगळ्यावर नजर. खाली प्री-बुकिंगची लिंक आणि बँकेच्या कार्डावर सूट. घड्याळ दुकानात यायला अजून दोन आठवडे असतात, तरी अनेक जण पैसे भरून मोकळे होतात.

पण विक्रीआधीच्या या पहिल्या ओळखीत नेमकं काय तपासलेलं असतं? काय तपासताच येत नाही? आणि घरातल्या बीपी किंवा शुगरच्या पेशंटसाठी घड्याळ घेताना हा फरक का महत्त्वाचा ठरतो? समजून घेऊ.

‘फर्स्ट इम्प्रेशन’ म्हणजे नेमकं काय?

नव्या गॅजेटबद्दल आपण जे वाचतो-पाहतो त्याचे साधारण तीन प्रकार असतात. पहिला ‘हँड्स-ऑन’. कंपनीच्या कार्यक्रमात टेबलावर मांडलेली घड्याळं पत्रकार आणि यूट्यूबर पंधरा-वीस मिनिटं हाताळतात. मागे रांग असते, शेजारी कंपनीचा माणूस उभा असतो. घड्याळ बऱ्याचदा कंपनीच्याच फोनला जोडलेलं असतं आणि त्यातलं सॉफ्टवेअर अंतिम असेलच असं नाही.

दुसरा प्रकार ‘फर्स्ट इम्प्रेशन’. यात घड्याळ एक-दोन दिवस वापरायला मिळालेलं असतं. तिसरा ‘रिव्ह्यू’. त्यासाठी कंपनी विक्रीच्या काही दिवस आधी घड्याळ पाठवते आणि अमुक तारखेला, अमुक वाजण्याआधी काहीही छापायचं नाही, अशी अट घालते. या अटीला ‘एम्बार्गो’ म्हणतात. एकाच दिवशी, एकाच मिनिटाला वीस व्हिडिओ का येतात, याचं उत्तर हेच.

तिन्ही प्रकार आपापल्या जागी उपयोगाचे आहेत. घोळ होतो तो पहिल्याला तिसरा समजल्यामुळे. शीर्षकात ‘रिव्ह्यू’ लिहिलेलं असतं आणि आतला माणूस कार्यक्रमाच्या हॉलमध्येच उभा असतो.

पहिल्या अ‍ॅपल वॉचच्या वेळी काय घडलं होतं?

विक्रीआधीच्या ओळखीची मर्यादा समजून घ्यायला हे उदाहरण उत्तम आहे. अ‍ॅपलने आपलं पहिलं घड्याळ ९ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर केलं. प्रत्यक्ष विक्री सुरू झाली २४ एप्रिल २०१५ रोजी, म्हणजे तब्बल साडेसात महिन्यांनी. भारतात ते पोहोचायला नोव्हेंबर २०१५ उजाडलं.

सप्टेंबरच्या त्या कार्यक्रमात पत्रकारांच्या मनगटावर बांधलेल्या घड्याळांवर आधीच तयार केलेला डेमो फिरत होता. घड्याळ दिसत होतं, वजन कळत होतं, पट्ट्याची घडण जाणवत होती, पण ते मनासारखं चालवून पाहता येत नव्हतं. साहजिकच पहिले लेख पट्टा, काच आणि बाजूच्या फिरत्या बटणाबद्दल होते. त्याबद्दल जे लिहिलं गेलं, ते पुढे बऱ्याच अंशी खरंही ठरलं.

बॅटरी किती चालेल याचा आकडा त्या दिवशी कंपनीने दिलाच नव्हता. ‘१८ तास’ हा आकडा समोर आला मार्च २०१५ मध्ये. एप्रिलमध्ये खरे रिव्ह्यू आले तेव्हा एक वेगळीच तक्रार पुढे आली. बाहेरच्या कंपन्यांची अ‍ॅप्स उघडायला फार वेळ लागत होता, कारण अ‍ॅपचं बरंचसं काम फोनवर चालायचं आणि घड्याळ त्याची वाट पाहत बसायचं. घड्याळावरच चालणारी अ‍ॅप्स पुढच्या सॉफ्टवेअरबरोबर सप्टेंबर २०१५ मध्ये आली.

आणखी एक गोष्ट तर विक्री सुरू झाल्यावरच कळली. मनगटावर गडद टॅटू असलेल्या काही ग्राहकांच्या हातावर घड्याळ नाडी नीट मोजेना. शाई, नक्षी आणि रंगाची घनता यामुळे सेन्सरचा प्रकाश अडू शकतो, हे नंतर कंपनीनेही आपल्या मदत-पानावर स्पष्ट केलं. डेमोच्या हॉलमध्ये हे कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे ज्यांच्या हातावर गोंदण आहे, त्यांनी आजही ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

मग अर्ध्या तासात काय खरं कळतं?

बरंच काही. घड्याळाची जाडी, वजन, मनगटावर ते किती उंच उभं राहतं, बारीक मनगटावर कडा बाहेर येतात का, हे फोटोत कळत नाही. हातात घेतल्यावर मिनिटात कळतं. पट्ट्याची कडी एका हाताने लागते का, बटण दाबल्याचं नीट जाणवतं का, बोट फिरवल्यावर स्क्रीन अडखळते का, हेही लगेच समजतं. मेन्यू गुंतागुंतीचा आहे की सोपा, याचा अंदाज येतो.

चार्जरकडेही पाहावं. प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा चार्जर वेगळा असतो. घरातला फोनचा चार्जर चालत नाही. गावाला जाताना तो विसरला तर दुसऱ्या दिवशी घड्याळ नुसतंच मनगटावरचं ओझं होतं. पहिल्या व्हिडिओत चार्जर दाखवला असेल, तर तो भाग पुढे ढकलू नका.

‘दहा दिवस बॅटरी’ हा दावा कसा वाचायचा?

इथे थोडं गणित करू. समजा, घड्याळाची बॅटरी ३०० एमएएच आहे. फोनची आजकाल ५,००० एमएएचच्या आसपास असते, म्हणजे घड्याळाची तिच्या जेमतेम सहा टक्के. दहा दिवस म्हणजे २४० तास. ३०० ला २४० ने भागलं तर सव्वा येतं. म्हणजे स्क्रीन, सेन्सर, ब्लूटूथ, प्रोसेसर या सगळ्यांनी मिळून सरासरी सव्वा मिलिअँपिअर विजेत भागवायचं.

हे अशक्य नाही. पण त्यासाठी स्क्रीन बहुतेक वेळ बंद ठेवावी लागते, नाडी सतत न मोजता ठरावीक अंतराने मोजावी लागते आणि जीपीएस जवळजवळ वापरायचंच नाही. सतत चालू राहणारी स्क्रीन, ब्लूटूथ कॉल आणि रोज तासभर जीपीएस सुरू ठेवून चालणं-धावणं केलं, तर सरासरी कित्येक पट वाढते आणि दहाचे तीन-चार दिवस सहज होतात. कंपनी खोटं बोलते असं नाही. ‘ठरावीक वापरात’ हे बारीक अक्षरांतले शब्द आपण वाचत नाही.

दहा दिवसांचा दावा तपासायला निदान दहा दिवस लागतात. त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशीच्या व्हिडिओत बॅटरीबद्दल जे ऐकू येतं, तो कंपनीचा आकडा असतो, त्या माणसाचा अनुभव नसतो. आणि वर्षभराने बॅटरी किती उरेल, हे तर रिव्ह्यूही सांगू शकत नाही.

स्क्रीन हॉलमध्ये झळकते, उन्हात काय?

कार्यक्रमाच्या हॉलमध्ये साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर दुपारच्या थेट उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो. म्हणजे किमान दोनशे पट. हॉलमध्ये कुठलीही स्क्रीन सुंदर दिसते. माहितीपत्रकात ‘निट्स’ या एककात कमाल प्रकाशमान दिलेलं असतं. १,००० किंवा २,००० असा हा आकडा बहुधा थोड्या वेळापुरता आणि फक्त उन्हात गाठला जातो. तरी हा आकडा दिलेलाच नसेल, तर उन्हातला व्हिडिओ येईपर्यंत थांबलेलं बरं.

पाण्याचंही तसंच. ‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब सहन करण्याची चाचणी. ५० मीटर खोल बुडी मारायची परवानगी नव्हे. साबण, गरम पाणी आणि रोजचा वापर यामुळे रबरी सील हळूहळू सैल होतं. आपल्या पावसाळ्यात वेगळाच प्रश्न येतो. ओल्या काचेवर थेंबांनाच बोट समजून घड्याळ स्वतःच बटणं दाबू लागतं. जुलैमध्ये छत्री धरून चालताना हे घड्याळ कसं वागेल, याचं उत्तर वातानुकूलित हॉलमध्ये मिळत नाही.

मागचा हिरवा दिवा नेमकं काय मोजतो?

घड्याळाच्या मागे चमकणाऱ्या हिरव्या दिव्यांमागचं तत्त्व सोपं आहे. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. शेजारचा सेन्सर ही चढ-उतार टिपतो आणि सॉफ्टवेअर त्यातून ठोके मोजतं. रक्तातल्या ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वापरतात, कारण ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं.

अडचण अशी की, परत येणाऱ्या प्रकाशातला हा बदल फार छोटा असतो. हात हलला, पट्टा सैल झाला, घाम आला, थंडीने हात गार पडला की त्यात गोंधळ मिसळतो. खुर्चीत शांत बसून हृदयाचे ठोके मोजणं हा घड्याळासाठी सर्वांत सोपा पेपर आहे. ‘फर्स्ट लूक’मध्ये नेमका हाच पेपर घेतला जातो.

त्वचेच्या रंगाचाही मुद्दा आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की रुग्णालयातल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये धोकादायकरीत्या कमी झालेला ऑक्सिजन ओळखण्यात गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा चूक केली. रुग्णालयातल्या उपकरणाची ही स्थिती असेल, तर मनगटावरच्या स्वस्त घड्याळाच्या ‘एसपीओटू ९८’ या आकड्यावर किती विसंबायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

सोशल मीडियावर आणखी एक ‘चाचणी’ फिरते. बाटलीला किंवा केळ्याला घड्याळ बांधायचं आणि नाडी दाखवली की ‘बघा, बोगस!’ म्हणायचं. ही चाचणी फारशी उपयोगाची नाही. सॉफ्टवेअरचं कामच मुळी गोंधळातून ताल शोधणं हे असतं. निर्जीव वस्तूवरून परतलेल्या प्रकाशातही त्याला कधी कधी ताल सापडतो आणि चांगलं घड्याळही फसतं. घड्याळ तुमच्या मनगटावर बरोबर मोजतं का, हा खरा प्रश्न आहे.

आरोग्याच्या सुविधा पहिल्या दिवशी तपासता येतात का?

बहुतेक वेळा नाही. अलीकडची दोन उदाहरणं पाहा.

ईसीजी काढणारं अ‍ॅपल वॉच सिरीज ४ सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं आणि त्याच महिन्यात विकायलाही आलं. पण ज्यासाठी अनेकांनी ते घेतलं, ती ईसीजीची सुविधा अमेरिकेत सुरू झाली डिसेंबर २०१८ मध्ये. भारतात ती मिळाली सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे एखाद्याने जाहिरात पाहून पहिल्याच महिन्यात भारतात घड्याळ घेतलं असेल, तर त्याला वर्षभर थांबावं लागलं. आरोग्याच्या सुविधेला प्रत्येक देशाच्या नियामकाची परवानगी लागते, हे त्यामागचं कारण.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अ‍ॅपल वॉच सिरीज ११ ची सर्वाधिक चर्चा झाली ती ‘हायपरटेन्शन’च्या इशाऱ्यामुळे. घड्याळ जाहीर झालं तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची परवानगी मिळायची होती. ती काही दिवसांत मिळाली. ही सुविधा रक्तदाबाचा आकडा दाखवत नाही. ती ३० दिवसांची माहिती तपासून ‘तुमचा रक्तदाब वाढलेला असण्याची शक्यता आहे’ असा इशारा देते. ज्या गोष्टीचं उत्तरच ३० दिवसांनी येतं, तिच्याबद्दल तीस मिनिटांत कुणीही काय सांगणार?

कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेले आकडेही पाहण्यासारखे आहेत. तिच्या चाचणीत रक्तदाब वाढलेल्या लोकांपैकी सुमारे ४१ टक्के लोकांनाच इशारा मिळाला. ज्यांचा रक्तदाब वाढलेला नव्हता, त्यांपैकी सुमारे ९२ टक्के लोकांना तो आला नाही. साध्या भाषेत : इशारा आला तर तो गांभीर्याने घ्या आणि दंडावर पट्टा बांधायच्या यंत्रावर तपासून डॉक्टरांकडे जा. पण इशारा आला नाही म्हणजे बीपी नाही, असं अजिबात समजू नका. शंभरातल्या ५९ जणांना तो आलाच नव्हता.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ज्यांना बीपी आहे हे आधीच माहीत आहे, त्यांच्यासाठी ही सुविधा बनवलेलीच नाही. २२ वर्षांखालच्या व्यक्ती आणि गर्भवतींसाठीही नाही. ‘बाबांना बीपी आहे म्हणून त्यांच्यासाठी हे घड्याळ घेतो’ असा विचार करणाऱ्या मुला-मुलींनी एवढी एक ओळ वाचली तरी हजारो रुपये वाचतील. बाबांना हवं आहे ते दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन. ते याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतं. ज्यांना ही सुविधा खरंच उपयोगाची आहे, त्यांनीही लक्षात घ्यावं, की सिरीज ९ पासूनच्या जुन्या घड्याळांनाही ती सॉफ्टवेअर अपडेटमधून मिळते.

शुगर मोजणाऱ्या घड्याळाचं काय?

सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळं ऑनलाइन दोन-तीन हजारांत सर्रास दिसतात. याबाबत एफडीएने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी स्पष्ट इशारा दिला. स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या कोणत्याही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट रिंगला आपण मंजुरी दिलेली नाही, असं त्या संस्थेने सांगितलं. दंडाला किंवा पोटाला चिकटवायच्या सेन्सरचे आकडे जी घड्याळं फक्त स्क्रीनवर दाखवतात, ती वेगळी. तिथे मोजण्याचं काम त्वचेखाली गेलेला सेन्सर करतो.

चुकीच्या आकड्याचा परिणाम इथे थेट जिवावर बेतू शकतो. घड्याळाने साखर जास्त दाखवली आणि त्यावरून कुणी इन्सुलिन वाढवलं, तर प्रत्यक्षातली साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे ‘विना टोचता शुगर’ असं लिहिलेलं घड्याळ दिसलं, तर त्याचं ‘फर्स्ट इम्प्रेशन’ पाहण्याचीही गरज नाही. बोटाला टोचून तपासायचा ग्लुकोमीटर आहे, तो चालू ठेवा.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त घड्याळांच्या खोक्यावर किंवा अ‍ॅपमध्ये ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ अशी ओळ असते. जाहिरातीत हृदय मोठं आणि ही ओळ मुंगीएवढी. वाचायची ती ओळ.

आधी पैसे भरून ठेवण्यात धोका काय?

‘पेबल’ची गोष्ट यासाठी आठवावी. २०१२ मध्ये या छोट्या कंपनीने किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून आगाऊ पैसे मागितले आणि ६८ हजारांहून अधिक लोकांनी मिळून एक कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली. घड्याळं आली, लोकांना आवडली. २०१६ मध्ये पुन्हा तशीच मोहीम झाली आणि सुमारे १.२८ कोटी डॉलर जमले. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनी बंद झाली आणि तिची मालमत्ता फिटबिटने घेतली. जाहीर झालेलं ‘पेबल टाइम २’ हे घड्याळ कधी आलंच नाही. पैसे परत करावे लागले.

पुढे फिटबिट गुगलकडे गेली. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पेबलचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं आणि पेबलचे संस्थापक एरिक मिजिकोव्स्की यांनी नव्याने घड्याळं जाहीर केली. त्यातल्या एकाचं नाव पुन्हा ‘पेबल टाइम २’ ठेवण्यात आलं! चाहत्यांसाठी ही गोड बातमी. पण ग्राहक म्हणून धडा असा, की घड्याळ म्हणजे नुसती वस्तू नाही. त्यामागचं अ‍ॅप, सर्व्हर आणि अपडेट चालू राहतील तोवरच ते ‘स्मार्ट’. मोठी नावंही याला अपवाद नाहीत. फॉसिलने जानेवारी २०२४ मध्ये स्मार्टवॉचचा धंदा सोडला.

म्हणून प्री-बुकिंग करताना सूट किती, यापेक्षा अपडेट किती वर्षं, सर्व्हिस सेंटर जवळपास कुठे आणि बदलून मिळेल की पैसे परत मिळतील, हे विचारावं. अनेक ऑनलाइन विक्रेते घड्याळ फक्त बदलून देतात, पैसे परत देत नाहीत.

व्हिडिओ जाहिरात आहे, हे कसं ओळखायचं?

भारतात जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियमावली आणली. पैसे, फुकट वस्तू किंवा अन्य काही लाभ मिळाला असेल, तर तसं ठळकपणे सांगणं त्यात अपेक्षित आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यामुळे ‘पेड पार्टनरशिप’, ‘अ‍ॅड’, ‘स्पॉन्सर्ड’ हे शब्द आधी शोधा. ते असले म्हणजे व्हिडिओ खोटा असं नाही, पण त्यात काय नसेल याचा अंदाज बांधता येतो.

सोपी खूण अशी : बोलणारा माणूस ‘मी मोजलं’ म्हणतो की ‘कंपनी म्हणते’? पहिल्या व्हिडिओत दुसरंच वाक्य असायला हवं. दोन तास वापरून कुणी ‘बॅटरी दहा दिवस टिकते’ असं ठामपणे सांगत असेल, तर पुढचं सगळं त्याच मापाने घ्या.

मराठी वापरकर्त्याने वेगळं काय पाहावं?

‘फर्स्ट लूक’मध्ये ही गोष्ट सहसा नसतेच. घड्याळावर आलेला मराठी मेसेज नीट वाचता येतो का? काही स्वस्त घड्याळांवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसतात. काहींवर अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरं फुटतात. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘कृष्ण’चा ‘कृष् ण’ होतो. आई-वडिलांसाठी घड्याळ घेताना हा मुद्दा किरकोळ नाही, कारण त्यांच्या फोनवर येणारे बहुतेक मेसेज मराठीतच असतात. दुकानात घड्याळ फोनला जोडलेलं असेल तर स्वतःच एक मेसेज पाठवून पाहा. ‘ज्ञानेश्वर, कृष्ण, सूर्य, ट्रॅक्टर’ एवढे चार शब्द पुरेत.

दुसरा मुद्दा जीपीएसचा. माहितीपत्रकात ‘जीपीएस’ असं लिहिलेलं असतं, पण अनेकदा ते ‘कनेक्टेड जीपीएस’ असतं. म्हणजे अंतर मोजतो फोन. घड्याळ फक्त दाखवतं. फोन घरी ठेवून धावायला जाणार असाल, तर घड्याळाचं स्वतःचं जीपीएस हवं.

घड्याळ हातात आल्यावर घरीच काय तपासाल?

परत करण्याची मुदत संपायच्या आत या चाचण्या करा. खर्च शून्य.

• नाडी : शांत बसून मनगटावर किंवा मानेवर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि घड्याळाशी ताडून पाहा. मग तीन मजले जिने चढा आणि पुन्हा मोजा. खरी परीक्षा या दुसऱ्या वेळी होते.

• पावलं : मनात मोजत ५०० पावलं चाला. घड्याळ ४८० ते ५२० च्या दरम्यान असेल तर उत्तम. मग दुचाकीवर किंवा बसमध्ये बसून पाहा. तिथेही पावलं वाढत असतील, तर रोजच्या ‘दहा हजारां’त खड्ड्यांचाही वाटा आहे.

• अंतर : जवळ ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक असेल, तर सर्वांत आतल्या लेनमधून पाच फेऱ्या मारा. दोन किलोमीटर दिसायला हवेत.

• बॅटरी : तुमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये १०० टक्क्यांपासून सुरू करा आणि तीन दिवस रोज त्याच वेळी आकडा लिहून ठेवा. दावा आणि वस्तुस्थिती समोर येईल.

• परवानग्या : घड्याळाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट, मेसेज, लोकेशन, मायक्रोफोन असं सगळं मागतं. कॉल घ्यायला काही परवानग्या लागतात. पण झोप मोजायला कॉन्टॅक्टची गरज नाही. नको त्या बंद करा. नाडी, झोप, मासिक पाळी ही खासगी माहिती आहे. ती कुठे साठवली जाते आणि खातं बंद केल्यावर पुसली जाते का, हे गोपनीयता धोरणात वाचा.

जाहिरातीत सांगितलेली सुविधा घड्याळात नसेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रारीसाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा.

मग लगेच घ्यावं की थांबावं?

वेळ पाहायला, कॉल-मेसेज कळायला, चालण्याचा हिशोब ठेवायला घड्याळ हवं असेल, आवडलेल्या कंपनीचं असेल आणि पैसे परत मिळण्याची सोय असेल, तर पहिल्या ओळखीवर विसंबून घ्यायला हरकत नाही. दिसणं, वजन आणि हाताळणी याबाबत ते व्हिडिओ बहुधा बरोबरच असतात.

आरोग्याच्या एखाद्या खास सुविधेसाठी घेत असाल, तर तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत थांबा. ही सुविधा भारतात सुरू झाली आहे का? कोणत्या नियामकाने तिला परवानगी दिली आहे? आणि ज्याच्यासाठी घेतोय, त्या व्यक्तीसाठी ती बनवलेली आहे का? विक्री सुरू झाल्यावर साधारण महिनाभरात खऱ्या वापराचे अनुभव येऊ लागतात. तोवर घरातलं बीपी मशीन आणि ग्लुकोमीटर बंद करू नका, आणि घड्याळाचा आकडा पाहून औषधाचा डोस स्वतःहून बदलू नका.